डायकास्ट विमानावरचे टवके, ओघळ आणि सरकलेली छपाई

डायकास्ट विमान, म्हणजे धातू ओतून केलेली खऱ्या विमानाची छोटी प्रतिकृती, हातात घ्या, हात सरळ लांब करा आणि खिडकीच्या उजेडात बघा. त्या अंतरावरून जो दोष दिसत नाही त्याला हात लावायचा नाही. पुढचं वाचण्याआधी एवढं ठरवून टाका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत कारखान्यातूनच बिघडून आलेली थोडी असतात. मालकानं भिंगाखाली धरून सुधारायला घेतलेली आणि मग रडकुंडीला येऊन आणलेली जास्त.

धंद्यानं मी घड्याळवाला. धुळ्यात आग्रा रोडच्या एका बोळात माझं दुकान आहे. गावाला लागून गोंदूरची धावपट्टी, तिथे वैमानिक शिकतात. शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालताना बघतच इथली पोरं मोठी होतात. त्यातली काही पुढे कमावती झाली की कपाटात विमानं भरायला लागतात आणि टवका उडाला की मला गाठतात. मलाच का, तर घड्याळाच्या डायलवरचे आकडे आणि या विमानांवरची अक्षरं एकाच पद्धतीनं छापली जातात. पोलादी पट्टीवर नक्षी कोरायची, तिची खोली असते साधारण २५ मायक्रॉन. तिच्यात शाई भरायची, वरची पुसून काढायची, मग सिलिकॉनच्या मऊ गोळ्यानं खाचेतली शाई उचलून गोल पृष्ठभागावर दाबायची. याला टॅम्पो किंवा पॅड प्रिंटिंग म्हणतात. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी आणि वेगळा दाब. म्हणून तीन रंगांचं चिन्ह असेल तर ते तीनदा छापलेलं असतं, आणि तिन्ही वेळा नेम अगदी बरोबर बसेलच असं नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की दोष कुठल्या थरात आहे हे कळल्याशिवाय त्याच्यावर इलाज नाही. खाली जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, त्यावर रंग, रंगावर छपाई, आणि काही विमानांवर सगळ्यात वर पारदर्शक वार्निश. चारही थरांचे दोष वेगळे आणि उपायही वेगळे.

आधी धातू तपासा

रंगाला बारीक फोड आलाय, असं सांगत जुनं विमान कोणी आणलं की मी ब्रश बाजूला ठेवतो आणि आयग्लास, म्हणजे घड्याळवाल्याचं भिंग, डोळ्याला लावतो. फोडाच्या आसपास रंगात केसासारख्या रेषा आहेत का? पंख किंचित वाकलेत का? धड आणि पंख जिथे बसतात तिथली फट पूर्वीपेक्षा रुंद झालीय का? तसं असेल तर तो रंगाचा दोष नाही. आतलं ओतकामच फुगतंय. डायकास्टला जो धातू वापरतात त्याला झॅमॅक म्हणतात. जस्तात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. १९२९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं हा मिश्रधातू तयार केला. त्यात शिसं किंवा कथील अगदी अल्प प्रमाणात जरी जास्त गेलं, तरी वर्षानुवर्षांत दमट हवेनं धातू कणाकणांच्या सांध्यातून कुजत जातो, फुगतो, तडकतो. यावर औषध नाही. वरून कितीही रंगवा, सहा महिन्यांनी तीच भेग पुन्हा डोकं वर काढते. असं विमान कोरड्या जागी ठेवायचं आणि त्याच्यावर पैसे आणि वेळ खर्च करायचा नाही. हे एकदा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलेलं बरं.

धातूबरोबर प्लास्टिकही ओळखून ठेवा. बऱ्याच विमानांत चाकं, इंजिनांची टोपणं, शेपटीचा भाग, लढाऊ विमानांची क्षेपणास्त्रं प्लास्टिकची असतात. धातू गालाला लावला तर गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. थिनर प्लास्टिकला विरघळवतो, म्हणून ही दोन सेकंदांची परीक्षा घ्यायचीच.

दोष आहे की खरं विमानच तसं आहे?

जुन्या बोइंग विमानांच्या पंखावर वरच्या बाजूला करड्या रंगाचा मोठा पट्टा असतो. तो कोरोगार्ड नावाचा गंजरोधक लेप. मॉडेलवर तो बरोबर दाखवलेला असतो आणि लोक येऊन म्हणतात, पंख अर्धा रंगवायचा राहिला. लढाऊ विमानांवर एखादं झाकण शेजारच्यापेक्षा फिकट करडं असतं, नाकाचा शंकू वेगळ्या छटेचा असतो, तेही बहुतेक वेळा खरं असतं. म्हणून त्याच विमानाचा, त्याच नोंदणी क्रमांकाचा आणि शक्यतो त्याच काळातला फोटो शोधायचा. कंपनीचा रंग बदलतो. एअर इंडियानंच ऑगस्ट २०२३ मध्ये सगळी रंगसंगती बदलली. २०१० चं विमान आजच्या फोटोशी ताडून बघितलंत तर सगळंच चुकलेलं दिसेल.

आणि विमान नवं असेल तर हात लावण्याआधी फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा. खिडक्यांची अख्खी ओळ तिरकी छापली असेल, नाव उलट्या बाजूला असेल, तर ते तुमच्या-माझ्या ब्रशनं सुधारणार नाही, बदलूनच घ्यायला हवं. एकदा तुम्ही त्यावर रंगाचा ठिपका टाकलात की कोणी बदलून देणार नाही.

सामान

बरंचसं गावातच मिळतं. दुचाकी-चारचाकी रंगवणाऱ्यांना लागणारा माल विकणाऱ्या दुकानात २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर आणि बारीक पॉलिशिंग कंपाउंड. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतंच, त्याच्याकडूनच कळतं कुठे मिळतं ते. सॅनिटायझर त्याऐवजी चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. भिंग सराफी हत्यारांच्या दुकानात मिळतं. जळगावला जाणं होत असेल तर तिथे निवडीला भरपूर. दहा पट मोठं दाखवणारं पुरे. त्याहून मोठं घेतलं की कामाचा टापू इतका लहान होतो की हात कुठे चाललाय तेच कळत नाही.

ब्रश घेताना शून्यांच्या मागे लागू नका (शून्यं जितकी जास्त तितका ब्रश बारीक). पाच शून्यांच्या ब्रशात रंग इतका कमी मावतो की कागदावरून विमानापर्यंत नेईस्तोवर तो वाळतो, आमच्याकडे तर उन्हाळ्यात नक्कीच. शून्य किंवा एक नंबरचा, केसांचं टोक सुईसारखं जमणारा, जरा महाग ब्रश घ्या. ठिपक्यांच्या कामाला शिवणाची सुई आणि लाकडी टूथपिक ब्रशापेक्षा चांगलं काम देतात. घड्याळवाल्यांची रोडिको नावाची मऊ पुटी मिळाली तर घ्याच. धुळीचा कण, बोटाचा ठसा, सुटलेला तंतू ती अलगद उचलते आणि मागे काही ठेवत नाही.

रंग पाण्याचे, म्हणजे अॅक्रिलिक. वालेहो कंपनीचा मागवलेत तर उत्तम. ब्रशानं सपाट बसतो. पांढऱ्या-काळ्या छोट्या ठिपक्यांना फेव्हिक्रिल किंवा कॅमलचा चित्रकारांचा अॅक्रिलिकही चालतो. टॅमिया कंपनीचा अॅक्रिलिक अल्कोहोलवर आधारलेला असतो. फवाऱ्यानं झकास, पण ब्रशानं दुसरा हात मारताना पहिला उचलून आणतो. दाराखिडक्यांचा तेली पांढरा इनॅमल मात्र अजिबात नको. तो अंधारात, बंद खोक्यात पिवळा पडतो. लावला त्या दिवशी ठिपका शोधून सापडत नाही, आणि पुढच्या दिवाळीला खोकं उघडलं की हळदीचा डाग.

अॅक्रिलिकला धरून राहण्याचं मुख्य कारण मात्र वेगळंच. तो कारखान्याच्या रंगाला खात नाही, आणि बिनसलं तर ओला असताना पाण्यानं, वाळल्यावर आयपीएनं काढता येतो. परत काढता येणार नाही असं काहीही विमानावर घालायचं नाही, हा घड्याळाच्या डायलचा नियम मी इथेही पाळतो.

आपली हवा

कुठल्याही परदेशी माहितीत खानदेशचा मे महिना धरलेला नसतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास खेळत असताना अॅक्रिलिक ब्रशाच्या टोकावरच पापुद्रा धरतो. त्या दिवसांत पहाटे काम करायचं आणि रंगात पाण्याबरोबर रिटार्डरचा, म्हणजे रंग हळू वाळवणाऱ्या द्रवाचा, थेंब घालायचा. पंखा बंद, कूलर बंद. कूलर तर दमट हवा आणि धूळ दोन्ही एकदम अंगावर फेकतो.

पावसाळ्यात उलटं. फवाऱ्याच्या डब्यातलं वार्निश दमट हवेत मारलं की थंड होणाऱ्या थरात ओल अडकते आणि वर दुधाळ धुकं धरतं. त्यामुळे श्रावणात ठिपके भरावेत, वार्निश मारू नये. दसऱ्यानंतरचे दिवस सगळ्यात चांगले. फक्त ज्यांच्या घराजवळ जिनिंग आहे त्यांनी कापसाचा हंगाम सुरू झाला की खिडकी लावून बसावं. रुईचा एक तंतू ओल्या वार्निशवर उतरला तर १:४०० च्या, म्हणजे खऱ्याच्या चारशेव्या हिश्श्याच्या, विमानावर तो दोरखंडासारखा दिसतो. ४०० पटीचा हिशोब नेहमी डोक्यात असू द्या. अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ वीतभर जागेतला रंग उडालेला.

धुणं

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर क्षाराचे पांढरे गोल राहतात आणि गडद निळ्या पोटाच्या विमानावर ते लगेच डोळ्यात भरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, स्वस्त आहे. विमान पाण्यात बुडवायचं नाही. सांध्यातून आत गेलेलं पाणी आठवडाभर बाहेर येत राहतं. दोष म्हणून आलेल्या गोष्टींपैकी बरंच काही या धुण्यातच निघून जातं. एका आजींनी नातवाचं विमान आणलं होतं, धुऊन हातात दिलं तर उलटसुलट करून म्हणाल्या, "कठे शे तो डाग? माले ते दिखत नही." खोक्यातल्या फोमचा चुरा चिकटला होता, बाकी काही नव्हतं.

टवका भरणं

पांढऱ्या विमानावरचा टवका सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात अवघड. कारखान्याचा पांढरा कधीच बाटलीतला पांढरा नसतो. कोणाचा किंचित पिवळसर, कोणाचा निळसर करडा. बाटलीतला शुद्ध पांढरा त्यावर लावलात तर ठिपका चमकून उठतो, टवक्यापेक्षा वाईट दिसतो. पांढऱ्यात टूथपिकच्या टोकानं यलो ऑकर (मातकट पिवळा) लावायचा, ढवळायचं, मग काळ्याचा त्याहून कमी अंश. ही छटा ओली असताना ताडायची नाही, कारण अॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर तीन-चार छटांचे ठिपके टाका, पूर्ण वाळू द्या, मग तो तुकडा विमानाला चिकटवून खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला पांढरा दिवसा जुळत नाही. अगदी जुळत नसेल तर किंचित गडद बाजूला राहा, उजळ बाजूला नको. गडद ठिपका सावलीसारखा लपतो.

टवका आयपीएच्या जवळजवळ कोरड्या इअरबडनं पुसा. उघडा धातू दिसत असेल तर त्यावर मेटल प्रायमरचा सुईच्या टोकाएवढा ठिपका, नाहीतर अॅक्रिलिक गुळगुळीत जस्तावर नीट धरत नाही आणि नखानं सुटतो. मग रंग. सुईच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि टवक्याच्या मधोमध सोडायचा. कडेपर्यंत तो स्वतःच पसरत जातो. ब्रशानं घासून भरायला गेलात की रंग टवक्याबाहेर सगळीकडे लागतो. वाळताना तो बसतो, मध्ये खळगा पडतो, पुन्हा थेंब. तीन-चार थेंबांनी पातळी आजूबाजूपेक्षा केसभर वर आली की थांबा आणि विमान चार-पाच दिवस विसरा. नंतर ३००० चा वॉटर पेपर, पेन्सिलच्या मागच्या रबराएवढा तुकडा, ओला करून, फक्त उंचवट्यावरून. आजूबाजूला छपाई असेल तर हा टप्पा सरळ गाळा, थोडा उंचवटा राहू द्या. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड सुती कापडावर.

टवके बहुतेक कडांवर पडतात: पंखाची पुढची धार, शेपटीचं टोक, चाकांच्या भोकाच्या कडा. कडेवर थेंब टिकत नाही, तिथे ब्रश आडवा धरून त्याची कूस कडेवरून ओढायची. रंग फक्त जिथे कडा आहे तिथेच लागतो.

चंदेरी, उघड्या धातूसारखा दिसणारा रंग असेल तर ठिपका भरू नका. त्या रंगातले धातूचे चपटे कण फवाऱ्यानं एका दिशेत बसलेले असतात, ब्रशानं कसेही पडतात आणि उजेड वेगळा फेकतात. एकतर तसंच सोडा, नाहीतर रेषेपासून रेषेपर्यंतचा अख्खा पत्रा मोकळा ठेवून बाकीचं टेपनं झाका (मास्क करा) आणि पुन्हा मारा. मी बहुतेक वेळा सोडतो.

रंगाखाली अडकलेला धुळीचा कण असेल तर तो रंगाचाच भाग झालेला असतो. वरून ३००० नं अलगद टेकडी उतरवायची, खड्डा होईपर्यंत जायचं नाही.

ओघळ आणि फाटलेली रेघ

दोन रंगांच्या सीमेवर नंतर मारलेला रंग मास्किंगच्या कडेखालून झिरपतो आणि रेघ दातेरी होते. इथे नवशिका हमखास उलटं करतो. निळी रेघ दातेरी दिसली की निळा रंग घेऊन ती सरळ करायला जातो. रेघ जाड होत जाते, मग दुसऱ्या बाजूशी जुळत नाही, मग दुसरी बाजूही जाड. रेघ नेहमी बाहेरून कापायची, म्हणजे पार्श्वभूमीच्या रंगानं. निळ्याचे बाहेर आलेले दात पांढऱ्यानं खायचे. गाड्यांचे नंबर हातानं रंगवणारे पेंटर अक्षर असंच सरळ करतात, त्यांच्याकडे उभं राहून बघा, शिकण्यासारखं आहे. लांब रेघेला टॅमियाची मास्किंग टेप लावा आणि कड नखानं घट्ट बसवा. सेलोटेप किंवा सुताराची स्वस्त टेप लावू नका, ती काढताना छपाई सोबत घेऊन येते.

छपाईचे दोष

छपाईची शाई रंगापेक्षा फार पातळ असते, काही मायक्रॉन. त्यामुळे ती काढणं शक्य आहे, आणि नको तिथली निघून जाणंही तितकंच शक्य. आधी वर वार्निश आहे का बघा. पोटाखाली, स्टँडच्या भोकाजवळ एखादं बारीक अक्षर असतं, त्याच्या कडेला आयपीएनं ओलावलेली टूथपिक टेकवा. शाई काडीला लागली तर वर वार्निश नाही. काहीच लागलं नाही तर जोर वाढवू नका, आणि थिनर किंवा अॅसिटोनची बाटली तर उघडूच नका. ते वार्निश, छपाई आणि रंग तिन्ही एकदम उतरवून धातू दाखवतात. वार्निशखालचा छपाईचा दोष काढायचा नसतो, वरून झाकायचा असतो.

एअर इंडियाच्या जुन्या जंबोचं उदाहरण घेतो, कारण तेच सगळ्यात जास्त वेळ खातं. १९७१ मध्ये पहिलं बोइंग ७४७ आलं, नाव एम्परर अशोक, नोंदणी व्हीटी-ईबीडी. या विमानांच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला असायचा. खऱ्या विमानावर दोन खिडक्यांमध्ये साधारण २० इंच अंतर, म्हणजे १:२०० वर अडीच मिलिमीटर आणि १:४०० वर सव्वा. तेवढ्या जागेत लाल कमान. सिलिकॉनचा गोळा गोल धडावर दाबताना जरा सरकला की दोन कमानी एकमेकींना चिकटतात, आणि पंखाच्या सांध्याजवळ शाई पोचत नाही म्हणून एखादी अर्धीच उमटते.

चिकटलेल्या कमानी सोडवायला टूथपिकचं टोक ब्लेडनं छिन्नीसारखं चपटं कापा. आयपीएत बुडवा, टिशूवर टेकवा, इतकं की काडी फक्त दमट राहील. आयग्लास लावा. पांढऱ्या बाजूकडून सुरू करून लालकडे एकच ओढ. लालकडून पांढऱ्याकडे कधीच नाही, शाई पांढऱ्यावर पसरते. ओढ झाली की काडी फिरवून कोरी बाजू पुढे घ्या. तीच बाजू पुन्हा वापरली की उचललेली लाल शाई गुलाबी धूर होऊन पांढऱ्यावर बसते. गुलाबी छटा दिसू लागली की थांबा, वाळू द्या, आणि उरलेलं जुळवलेल्या पांढऱ्यानं झाका.

अर्धी कमान पूर्ण करायची तर कमान काढायला जाऊ नका. सुईनं फक्त तीन ठिपके: डावा पाय, उजवा पाय, मधलं टोक. मग मान वर करून हातभर अंतरावरून बघा. शेजारच्या चांगल्या कमानींमुळे डोळा ती आपोआप जोडून घेतो. नाहीच जोडली तर मधे आणखी एकेक ठिपका.

हवाई दलाच्या विमानांवर चक्राकार चिन्हाचं दुखणं ठरलेलं. बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. केशरी शाई करड्या रंगावर थेट छापली तर मळकी दिसते, म्हणून तिच्याखाली आधी पांढरी तबकडी छापतात. केशरीचा नेम थोडा चुकला की एका बाजूनं पांढरी कोर बाहेर डोकावते. आमच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याहून सुखोई-३० मधून उडाल्या, त्यामुळे इकडे सुखोई बऱ्याच कपाटांत आहे आणि ही तक्रारही. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्यापासून त्याचीही विचारणा वाढलीय. उपाय तोच, बाहेरून. डोकावणारी पांढरी कोर विमानाच्या करड्या रंगानं झाका, केशरी कडं रुंद करू नका. कड्यातच टवका असेल तर आधी पांढरा ठिपका, वाळल्यावर केशरी. बाटलीतला केशरी फार भडक असतो, त्यात तपकिरीचा कण घाला.

अक्षर पूर्ण गेलं असेल तर

नोंदणी क्रमांकातलं एखादं अक्षर घासून गेलं तर हातानं लिहिण्यापेक्षा पाण्यानं सरकवायचं डेकल, म्हणजे छापलेला पातळ पापुद्रा, बरं. पारदर्शक डेकल शीटवर लेझर प्रिंटरनं काळी किंवा गडद अक्षरं नीट येतात. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तिच्यावर आधी वार्निशचा हात लागतो. पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर येतच नाहीत, ती तयार विकत घ्यावी लागतात. एकच अक्षर बदलू नका, अख्खा क्रमांक काढून नवा लावा. दोन वेगळ्या काळ्यांचा फरक लगेच दिसतो.

अक्षराला लागून कापा. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग कागदावरच ठेवून सुटायची वाट बघा. जागा चकचकीत हवी. मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवेचे कण अडकतात आणि भोवती चंदेरी झिलई दिसते, म्हणून मॅट विमानावर आधी तेवढ्यापुरतं ग्लॉस वार्निश. मायक्रो सेट (डेकल बसवायचा द्रव) लावून त्यावर डेकल सरकवा, जागेवर आलं की टिशूच्या टोकानं पाणी ओढा. पाच-दहा मिनिटांनी मायक्रो सोल. सोलनं डेकल मऊ होतं, सुरकुतल्यासारखं दिसतं, आणि इथे बोट लावण्याचा मोह आवरायचा. वाळताना ते ताणून सपाट होतं. उन्हाळ्यात हे फार झपाट्यानं घडतं, सरकवायला वेळच मिळत नाही, तेव्हा सेट जरा सढळ हातानं. सेट नसेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून काम भागतं. सोलला घरगुती पर्याय मी वापरत नाही.

चकाकी

रंग जुळला, जागा भरली, तरी तिरक्या उजेडात ठिपका दिसतोच, कारण चकाकी जुळलेली नसते. अॅक्रिलिक बहुतेक मॅट वाळतो, विमान चकचकीत असतं. ब्रशानं ग्लॉस वार्निशचा बारीक हात, फक्त ठिपक्यावर. लढाऊ विमान असेल तर मॅट. साटीन हवं तर ग्लॉस आणि मॅट मिसळा आणि आधी त्याच प्लास्टिकच्या तुकड्यावर बघा. अख्ख्या विमानावर फवारा मारणं हा शेवटचा मार्ग, आणि त्याआधी पोटाखाली चाचणी हवीच. काही वार्निशातलं द्रावण छपाईची शाई सोडवतं.

सुटलेला अँटेना फेविक्विकनं चिकटवू नका. त्याची वाफ आसपासच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. एरल्डाइटचा सुईच्या टोकाएवढा ठिपका किंवा साधा फेविकॉल पुरतो. बुरशी आधीच बसली असेल तर हलकं पॉलिश करून बघा, बहुतेक जाते. राहिलीच तर ग्लॉस वार्निशखाली दिसेनाशी होते.

खोक्यात परत ठेवताना

वरून कोरडा वाटणारा रंग आत आठवडाभर मऊ असतो. तेवढे दिवस विमान स्टँडवर, उलट्या काचेच्या बरणीखाली. मग खोक्यातल्या प्लास्टिकच्या साच्यात ठेवताना दुरुस्तीच्या जागी पातळ पॉलिथिनचा तुकडा मध्ये घाला. फोमशी थेट संबंध नको, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, तिथे मे महिन्यात डेकल तडकतं. खोक्यात एक चिठ्ठी टाका: काय भरलं, कुठे, कोणत्या रंगांनी, कोणत्या मापानं. पुढच्या टवक्याला छटा पुन्हा शोधावी लागत नाही, आणि विमान विकलंत तर घेणाऱ्यालाही कळतं की हे मूळ रंगाचं नाही. दुर्मीळ विमान असेल तर दुरुस्तीनं किंमत उतरते, वाढत नाही. असं विमान कोणी आणलं तर मी धुऊन परत देतो आणि धुण्याचेच पैसे घेतो.